सदर घर अस्तित्वात नाही

भाचीच्या मुलाच्या बारशाला सिल्वासाला गेलो होतो. मडगावला रात्री गाडीत बसायचं, सकाळी वापीला उतरायचं, तिथून रिक्षा. जावई सूत बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला. गोंयकार माणूस सिल्वासाला गेला की त्याच्या डोक्यात एकच साल असतं, १९५४. माझ्याही होतं. २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमंतक दलाची माणसं, संघाचे स्वयंसेवक, विश्वनाथ लवंदे, सुधीर फडके... लहानपणापासून ऐकलेलं सगळं. आमच्या सुटकेला अजून सात वर्षं होती, पण सुरुवात झाली ती इथून.

त्याच्या आधीचंही थोडं वाचून गेलो होतो. हा मुलूख पोर्तुगीजांना लढाईत मिळालेला नाही. त्यांचं 'सांताना' नावाचं जहाज मराठ्यांनी १७७२ साली पकडलं. त्याची भरपाई म्हणून वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावं द्यायचा तह १७७९ साली झाला आणि १७८३ साली नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. म्हणजे एका जहाजाची नुकसानभरपाई! सिल्वासा तेव्हा खेडंच. मुख्य ठाणं दरारा या गावी. १८८५ साली ते सिल्वासाला आणलं आणि गावाला 'व्हिला द पासो द आर्कुश' असं भारदस्त नाव दिलं. लोकांनी ते कधी वापरलं नाही हे वेगळं सांगायला नको.

बारसं आटोपल्यावर संध्याकाळी जावईबापूंनी मोटारसायकलवर फिरवून आणलं. चर्च पाहिलं, आदिवासी संग्रहालय बाहेरून पाहिलं (बंद झालं होतं), दमणगंगा पाहिली. मग म्हणाले, "मामा, आता खरं सिल्वासा दाखवतो." आणि कारखान्यांच्या भागात घेऊन गेले.

पाळी सुटायची वेळ होती. रस्ताभर माणसं. पायी, सायकलवर, एका रिक्षात आठ-आठ. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले तरुण मुलगे. रस्त्याच्या कडेला त्यांच्या खोल्यांच्या लांबच लांब रांगा, वर पत्रा, दारात बादली. आणि गुजरातच्या हद्दीला लागून दारूची दुकानं. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे हद्दीवर दिव्यांची रोषणाई. तासभर फिरलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. रस्त्यावर बाई जवळजवळ दिसतच नव्हती.

हा माझा भास नव्हे. घरी परत आल्यावर जनगणनेचे आकडे काढून पाहिले. (कारकुनाची सवय, काय करणार.) दादरा नगर हवेलीत १९९१ साली दर हजार पुरुषांमागे ९५२ स्त्रिया होत्या. २००१ साली ८१२. २०११ साली ७७४. लोकसंख्या त्याच वीस वर्षांत १,३८,४७७ वरून ३,४३,७०९ वर गेली. करसवलती मिळाल्या, कारखाने आले आणि कारखान्यांबरोबर घरदार मागे ठेवून पुरुष आले.

मी जावयांना सहज म्हणालो, "एवढी एकटी पोरं इथे करतात काय हो सुट्टीच्या दिवशी?"

ते हसले. म्हणाले, "सगळं मिळतं मामा. हद्दीवरचं गाव आहे."

तो विषय तिथेच थांबला. सासरच्या माणसाशी जावई याहून जास्त काय बोलणार! पण 'हद्दीवरचं गाव' हे शब्द माझ्याबरोबर गोव्याला आले.

अशा गावांबद्दल वाचायची मला जुनी खोड आहे. खाण निघते, बंदर होतं, छावणी पडते, कारखाना येतो. आधी पुरुष येतात, मग खानावळ, मग दारूचं दुकान, आणि मग एक 'तसलं' घर. गाव मोठं झालं, बायकामुलं आली, शाळा-देवळं झाली की पहिलं तेच घर गावाच्या डोळ्यांत सलायला लागतं. पाडतात, नाहीतर नाव बदलून लॉज करतात. पुण्याच्या पेशवाईतल्या बावनखणीचं आज नावच तेवढं उरलं आहे.

पण जगात काही ठिकाणी अशी घरं राखलीसुद्धा आहेत. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात वॉलेस नावाचं एक छोटं गाव आहे, चांदीच्या खाणींचं. तिथे 'ओएसिस' नावाचं घर होतं. असं घर तिथे बेकायदाच, पण गावाने चालू दिलेलं. तिथल्या अशाच दुसऱ्या एका घराच्या मालकिणीने शाळेच्या बँडला गणवेश घेऊन दिले होते, हे गावकरी अजून कौतुकाने सांगतात. १९८८ सालच्या जानेवारीत धाड पडणार अशी कुणकुण लागली आणि 'ओएसिस'मधल्या बायका घाईघाईने निघून गेल्या. इतक्या घाईत की कपडे, रंगरंगोटीचं सामान, आणलेला किराणा सगळं जागच्या जागी राहिलं. गिऱ्हाइकाची वेळ मोजायची स्वयंपाकघरातली घड्याळंसुद्धा. पुढे ज्यांनी ती इमारत घेतली त्यांनी काही हलवलं नाही. तिकीट लावून तसंच दाखवायला ठेवलं.

दुसरं घर मोंटाना राज्यात, ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या शहरात. 'डुमास' त्याचं नाव. १८९० साली नादो नावाच्या दोघा भावांनी ते मुद्दाम याच धंद्यासाठी विटांचं बांधलं. नाव दिलं त्यांतल्या एकाच्या बायकोच्या माहेरच्या आडनावावरून! बाईला विचारलं होतं की नाही कोण जाणे. आतली रचना अशी की खोल्यांच्या मोठ्या खिडक्या बाहेर रस्त्यावर न उघडता आतल्या बोळात उघडतात, म्हणजे बोळातून चालणाऱ्याने काचेतून बघत बघत जावं. तळघरात अगदी अरुंद खोल्या, कमी पैशांच्या. वरच्या मजल्यावर जास्त पैशांच्या. १९८२ साली शेवटच्या मालकिणीवर कर चुकवल्याचा खटला झाला आणि घर बंद पडलं. म्हणजे ९२ वर्षं चाललं. पुढे एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने ते घेऊन दुरुस्त करायची खटपट केली, नंतर मालक बदलत गेले. छप्पर गळतं, भिंती खचतात, पैसे पुरत नाहीत. मग पैशांसाठी भुतांच्या फेऱ्या. १९५५ साली तिथेच जीव दिला असं सांगतात त्या एका मालकिणीचं भूत जिन्यावर दिसतं म्हणे. तिकीट काढून लोक ते बघायला जातात.

हे वाचताना मला आधी कौतुक वाटलं आणि मग कसंतरी झालं. भिंती राखल्या हे खरं. त्या खिडक्या ज्या बाजूला उघडतात तेवढं पाहिलं तरी त्या घरात बाईचं काय होत होतं ते कळतं, त्यासाठी पुस्तक वाचावं लागत नाही. पण जी जिवंतपणी खिडकीत बसली तिला मेल्यावर पुन्हा जिन्यावर उभी करायची, आणि पुन्हा तिकीट लावून? शिवाय त्या बायकांची खरी नावं बहुतेक कुठे नाहीतच. धंद्याचं नाव वेगळं घ्यायचं, हा नियम तिथेही आणि आपल्याकडेही.

आपल्याकडे म्हणजे बायण्यात.

बायणा म्हटल्यावर वाचणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी भुवया चढवल्या असतील. आमच्या पिढीत वास्कोच्या मुलाला "खंय रावता?" विचारलं आणि तो "बायण्यां" म्हणाला की वर्गात हशा पिकायचा. तिथे हजारो कष्टकरी, मासेमार, बंदरातले कामगार राहत होते, पण नाव एकाच गोष्टीचं झालं. मुरगाव बंदर, खनिजाची जहाजं, खलाशी, ट्रकवाले. आणि किनाऱ्यालगत वाळूवरच फळ्या-पत्र्यांच्या खोल्या. कर्नाटक-आंध्रातून आलेल्या बायका, त्यांतल्या कितीतरी यल्लम्माला सोडलेल्या. २००३ साली उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाचा निकाल आला आणि १४ जून २००४ रोजी सरकारने त्या खोल्या पाडल्या. ऐन पावसात. पुनर्वसनावरून वर्तमानपत्रांत नंतर बरंच लिहून आलं. आम्ही चहा पिता पिता ते वाचलं आणि "बरें जालें, एकदांचें गेलें" म्हणालो. मीही म्हणालो. खोटं कशाला बोलू!

वॉलेसच्या बायका घाईने गेल्या, त्यांचा किराणा काचेच्या आड राहिला. बायण्यातल्या बायका घाईने गेल्या, त्यांचं सामान चिखलात. मी जुळवून सांगत नाही, वाचताना हेच डोळ्यांसमोर आलं. आणि त्याच्यापाठोपाठ आठवला एक अर्ज.

मी तेव्हा नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. कचेरी कुठली ते राहू दे. टेबलावर दाखल्यांचे अर्ज घ्यायचे, तपासायचे, वर पाठवायचे. त्या पावसाळ्यात, जून संपता संपता, एक बाई आली. तिशीची असेल. भिजलेली. मुलीला शाळेत घालायला वास्तव्याचा दाखला हवा होता. मुलगी मागे तिच्या पदराला धरून उभी. बाई धारवाडकडची असावी, हिंदी-कोंकणी-कानडी मिसळून बोलत होती.

मी अर्ज भरून द्यायला घेतला. नाव विचारलं. तिने एक नाव सांगितलं, मग थांबली आणि दुसरं सांगितलं. "वो पैलावाला मत लिखो." मी दुसरं लिहिलं. पुढचा रकाना व्यवसाय. मी मान वर केली. ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "सायब, कुछ भी लिखो. वो मत लिखो." मी 'मोलमजुरी' असं लिहिलं. आयुष्यात सरकारी कागदावर मुद्दाम खोटं लिहिलेलं ते पहिलं. त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

पुढचा रकाना होता घर क्रमांक.

"घर नंबर?" मी विचारलं.

"अब कायका नंबर सायब?"

जुना नंबर तरी सांगा म्हटलं. तिने सांगितला, खोलीच्या दारावर रंगवलेला होता तो. मी लिहिला, अर्ज वर गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. पत्त्याची खातरजमा करून शेरा मारावा. खातरजमा कसली करायची? अख्ख्या गोव्याला माहीत होतं. मी पेन काढलं आणि अर्जाच्या समासात लिहिलं, "सदर घर अस्तित्वात नाही." खाली सही, तारीख. शेरा खराच होता. दाखला अर्थातच मिळाला नाही.

ती आठवड्याने पुन्हा आली तेव्हा मी तिला सांगितलं, "बाई, दुसरा पत्ता घेऊन या." ती हसली की काय केलं तिने, मला नीट आठवत नाही. मुलगी त्या दिवशी बरोबर नव्हती. ती बाई परत आली नाही.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा बायकांबद्दल एक आदेश दिला, तो मी दोनदा वाचला. आधार कार्डासाठी त्यांच्याकडे राहत्या जागेचा पुरावा मागायचा नाही, एड्स नियंत्रणाच्या कामातल्या राजपत्रित अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र पुरे. आणि त्या कार्डावरून त्यांचा व्यवसाय ओळखता येईल अशी कसलीही खूण त्या क्रमांकात ठेवायची नाही. म्हणजे घराचा नंबर नको, आणि 'वो मत लिखो'. भिजलेल्या बाईने माझ्या टेबलापाशी जे मागितलं होतं, नेमकं तेच. अठरा वर्षांनी.

आता राखण्याबद्दल. आपण गोंयकार राखण्यात मागे नाही. चर्चं राखली, देवळं राखली, भाटकारांचे वाडे राखले. तोर्ड्याला घरांचं म्हणून एक सुंदर संग्रहालय आहे. आग्वादचा तुरुंगसुद्धा २०२१ साली नीट करून लोकांना पाहायला खुला केला, ते उत्तमच झालं. तुरुंग राखता येतो, कारण आत होते ते आपले होते. बायण्यातली एक खोली, फळ्यांची, आठ बाय आठसुद्धा नसेल, ती राखावी असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढला असता.

इथे कुणी कलावंतांचं नाव काढेल म्हणून आधीच सांगतो, ती गोष्ट निराळी. मंगेशी-म्हार्दोळच्या देवळांभोवतीची ती घरं म्हणजे कोठे नव्हेत, आणि दोन्ही एका दावणीला बांधणं हा अडाणीपणा आहे. तरी एक गोष्ट तिथून शिकण्यासारखी आहे. राजाराम पैंगीणकरांनी 'मी कोण?' हे आत्मचरित्र लिहिलं, १९६९ साली ते आलं. गोमंतक मराठा समाजाने आपलं मासिक चालवलं, आपले कागद जपले, इतके की त्यावर अंजली आरोंदेकरांनी अमेरिकेतून २०२३ साली इंग्रजीत अख्खं पुस्तक काढलं. आपली गोष्ट काय सांगायची आणि काय नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं. बायण्यातल्या बाईला कुणी विचारलं? पाडतानाही नाही. आणि उद्या कुणाला तिथे स्मारक सुचलं तर तेव्हाही विचारणार नाहीत, याची मला जवळजवळ खात्री आहे.

ती असती तर काय म्हणाली असती? मला वाटतं, खोली राखा असं म्हणाली नसती. "वो मत लिखो" असंच म्हणाली असती. तिची मुलगी आज पंचविशीच्या पुढे असेल. कुठेतरी नोकरी करत असेल, तिचं लग्न झालं असेल. तिच्या आईच्या खोलीसमोर पाटी लावून आपण कुणाचं भलं करणार? असं मी स्वतःला सांगतो. आणि मग दुसरं मन म्हणतं, की हे तर फार सोयीचं झालं. तिने विसरा म्हटलं ते जगायला मिळावं म्हणून. आम्ही विसरलो ते आमची वाळू स्वच्छ दिसावी म्हणून. दोन्हीचं फळ एकच, कोरी जागा. या दोन मनांचं माझ्याकडून काही जुळत नाही, म्हणून तर लिहायला बसलो.

एवढं मात्र वाटतं की नावं नकोत, भुतं नकोत, पण त्या खोलीचं माप तरी कुठेतरी हवं होतं. किती फूट बाय किती फूट, पत्रा किती उंचीवर, पाणी कुठून भरायचं, भरतीला लाटा दारापासून किती अंतरावर यायच्या. पाडण्यापूर्वी कुणी टेप घेऊन उभा राहिला असता तर तासाभराचं काम होतं. आमच्यासारख्या कारकुनालासुद्धा जमलं असतं. ब्यूटच्या त्या खिडक्या जे सांगतात ते बायण्यातल्या फळ्यांनीही सांगितलं असतं, कुणाचं नाव न घेता.

त्या अर्जाचं काय झालं असेल ते मला माहीत आहे. असे कागद ठरावीक मुदतीने नष्ट करायच्या यादीत जातात. यादी करणारा माझ्यासारखाच कुणीतरी असणार.

सिल्वासाहून आल्यानंतर महिन्याभराने वास्कोला एका मराठी नाटकाला गेलो होतो. रवींद्र भवनात. हे रवींद्र भवन बायण्यातच आहे हे वास्कोकरांना सांगायला नको. नाटक बरं होतं, पहिला अंक जरा लांबला. मध्यंतरात बायको चहाच्या रांगेत उभी राहिली आणि मी बाहेर पडून समुद्राच्या बाजूला आलो. किनाऱ्यावर दिवे होते. खारे दाणे विकणारा एकजण, दोन पोरं मोबाइलवर. मी उगाच अंदाज घेत उभा राहिलो, की खोल्या इथून सुरू होत असतील की त्या तिथून. वाळूवरून काय कळणार!

तिथला रखवालदार जवळ आला. "सायबा, कितें सोदतात?"

"कांय ना," म्हणालो.

घंटा झाली होती. बायको दोन्ही हातांत दोन कप घेऊन दारात उभी होती आणि चहा निवत होता.